एका अर्ध्या गुणाबद्दल : आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सरचिटणीस आणि सर्व सदस्य,
आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ, पॅरिस.

विषय : ग्रहाच्या व्याख्येतील ‘सूर्याभोवती’ या शब्दाबाबत.

महोदया, महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या वर्षी सहामाहीचे पेपर तपासत होतो. एका गुणाचा प्रश्न होता : ‘ग्रह म्हणजे काय?’ आठवीतल्या एका मुलीने लिहिले होते, ‘ताऱ्याभोवती फिरणारा, स्वतःचा प्रकाश नसलेला मोठा गोल म्हणजे ग्रह.’ नमुना उत्तरात शब्द होता ‘सूर्याभोवती’. पुढे शंभरावर पेपरांचा गठ्ठा पडला होता. मी ‘ताऱ्याभोवती’खाली लाल रेघ ओढली, अर्धा गुण दिला आणि पुढचा पेपर उचलला.

पेपर वाटले त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शिक्षकखोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. गुणासाठी भांडायला आली नव्हती. तिने एवढेच विचारले, “सर, मग त्या रात्री तुम्ही सांगितलात तो ग्रह नव्हता का?”

ती रात्र आधीच्या नोव्हेंबरातली. दिवाळीची सुट्टी संपल्यावर आम्ही शाळेच्या मैदानावर आकाशदर्शन ठेवले होते. शनीची कडी बघून झाली, गुरूचे चंद्र मोजून झाले, कृत्तिका झाल्या. मग मी मुलांना डोक्यावरचा भाद्रपदेचा चौकोन दाखवला. त्याच्या पश्चिमेकडच्या बाजूचे दोन तारे म्हणजे पूर्वा भाद्रपदा. त्या दोघांच्या साधारण मध्यावर, चौकोनाच्या जरा बाहेर, एक फिका तारा आहे. चांगल्या अंधारात तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो, द्विनेत्रीतून मात्र सहज सापडतो. तो ५१ पेगासी. आपल्यापासून सुमारे ५० प्रकाशवर्षांवर. मुलांनी रांगेने पाहिला आणि काही बोलली नाहीत, कारण त्यात बघण्यासारखे काही नव्हते, एक साधा ठिपका. मग मी सांगितले की १९९५ मध्ये फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी हा तारा किंचित डुलतो आहे हे टिपले. कोणीतरी त्याला मागे-पुढे ओढत होते. ओढणारा होता गुरूच्या निदान निम्म्या वस्तुमानाचा एक ग्रह, जो ताऱ्याला इतका चिकटून फिरतो की त्याचे वर्ष सव्वाचार दिवसांत संपते. आपल्या बुधाला ८८ दिवस लागतात. त्या शोधाला २०१९ मध्ये नोबेल मिळाले. हे ऐकल्यावर मुलांनी पुन्हा रांग लावली. ठिपका तोच होता, पण आता प्रत्येकाला तो परत बघायचा होता.

त्या रांगेत ती मुलगी होती. पेपरात तिने जे लिहिले ते पुस्तकातून आले नव्हते, त्या मैदानावरून आले होते, आणि मैदानावर ते मीच तिला दिले होते.

मी तिचा अर्धा गुण परत दिला. पण नमुना उत्तरातला ‘सूर्याभोवती’ हा शब्द मी बदलू शकत नाही. तो आपल्याकडून आला आहे, म्हणून हे पत्र आपल्याला. मराठीत लिहितो आहे, कारण व्याख्या कोणत्याही भाषेत ठरली तरी मला ती मराठीत शिकवावी लागते आणि तिच्यातले अडखळणेही मला मराठीतच कळते. आपल्या सदस्यांमध्ये मराठी वाचणारे पुष्कळ आहेत. ते हे पत्र आपल्यापर्यंत पोचवतील असा विश्वास आहे.

ग्रहाच्या व्याख्येचा आपला २००६ चा ठराव सूर्यमालेपुरता आहे, हे मला ठाऊक आहे. ‘आपल्या सूर्यमालेतील ग्रह आणि इतर वस्तू’ असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पण शाळेत पोचेपर्यंत ही अट गळून जाते आणि उरते ते एवढेच : ग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारा, पुरेशा वस्तुमानामुळे गोल झालेला आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला. मुलांसाठी ती ग्रहाचीच व्याख्या असते. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांना मी दोष देत नाही. ‘ग्रह म्हणजे काय’ या प्रश्नाचे उत्तर त्यांनी जगातल्या सर्वात अधिकारी संस्थेकडून घेतले. त्या संस्थेच्या महासभेने दुसरे काही मतदानाने ठरवलेलेच नाही, तर त्यांनी घ्यावे कुठून?

२००६ चा ऑगस्ट मला चांगला आठवतो. नोकरीचे तिसरे वर्ष होते. वर्गाच्या मागच्या भिंतीवर सूर्यमालेचा तक्ता होता, नऊ ग्रहांचा. २४ ऑगस्टला प्रागमध्ये आपले मतदान झाले आणि प्लूटो ग्रह राहिला नाही ही बातमी आमच्यापर्यंत आली. मी शेवटच्या वर्तुळावर पांढरा कागद चिकटवला. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो उन्हाने पिवळा पडला, त्याचा एक कोपरा सुटला आणि खालून प्लूटो पुन्हा दिसू लागला. मुले तो कोपरा उचलून बघत. मीही तो पुन्हा चिकटवला नाही.

मात्र प्लूटो परत मागण्यासाठी मी हे पत्र लिहिलेले नाही. प्लूटोबद्दल मराठी माणसाला माया वाटावी असे एक कारण आहे आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. व्यंकटेश बापूजी केतकर हे आमच्याकडचे मोठे ज्योतिर्गणिती. त्यांचे आयुष्य शाळाखात्याच्या नोकरीत गेले, म्हणजे माझ्यासारखेच शिक्षक. १९११ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या खगोलशास्त्रीय सोसायटीच्या पत्रिकेत एक लेख प्रसिद्ध केला आणि नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत असे मांडले. त्यांना नावेही दिली, ब्रह्मा आणि विष्णू. गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्यांमध्ये जे ठरावीक प्रमाण आढळते, तसे बाहेरच्या ग्रहांतही असेल असे धरून त्यांनी ब्रह्माचे सरासरी अंतर काढले : सूर्य-पृथ्वी अंतराच्या ३८.९५ पट, फेरीचा काळ सुमारे २४२ वर्षे. १९३० मध्ये अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफच्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे अंतर निघाले ३९.४८ पट आणि फेरी २४८ वर्षांची. केतकर त्याच वर्षी वारले.

ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगतो आणि दर वर्षी पुढचेही सांगतो, कारण ते सांगितले नाही तर विज्ञान शिकवल्यासारखे होत नाही. केतकरांचे गृहीत बरोबर नव्हते. युरेनस आणि नेपच्यून तशा प्रमाणात बांधलेले नाहीत. विष्णू कधी सापडलाच नाही. तिकडे लॉवेल वेधशाळा उभारणाऱ्या पर्सिव्हल लॉवेल यांनी नेपच्यूनपलीकडच्या ग्रहासाठी केलेले गणितही असेच चुकीच्या पायावर उभे होते. युरेनसच्या चालीत जी गडबड दिसत होती ती प्लूटोमुळे होणे शक्यच नव्हते, प्लूटो त्यासाठी फार हलका आहे. १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ यान नेपच्यूनजवळून गेले, नेपच्यूनचे वस्तुमान नेमके कळले, आणि ती गडबड हिशेबातूनच नाहीशी झाली. दोघांचीही उत्तरे जवळ आली ती योगायोगाने. केतकरांबद्दलचा माझा आदर त्याने तसूभरही कमी होत नाही. हाताशी यंत्र नाही, भोवती वेधशाळा नाही, आणि हा माणूस नेपच्यूनपलीकडे बघत होता.

म्हणून प्लूटो गेला तेव्हा मला वाईट वाटले, पण अन्याय झाला असे वाटले नाही. असे याआधी घडले आहे. १ जानेवारी १८०१ ला पालेर्मोत ज्युझेप्पे पियाझ्झी यांना सेरेस सापडला, मग १८०२ मध्ये पॅलास, १८०४ मध्ये जूनो, १८०७ मध्ये व्हेस्टा. चौघेही ग्रह म्हणून पुस्तकांत गेले आणि जवळजवळ अर्धे शतक राहिले. त्या काळातल्या विद्यार्थ्यांनी मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये चार ग्रह पाठ केले. १८४५ पासून त्याच पट्ट्यात एकामागून एक नवे सापडू लागले, तेव्हा त्या सर्वांना वेगळे काढावे लागले आणि ते लघुग्रह झाले. प्लूटोचे तेच झाले. १९९२ मध्ये डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांना नेपच्यूनपलीकडे आणखी एक वस्तू सापडली, मग शेकड्यांनी सापडू लागल्या. २००५ मध्ये माइक ब्राउन, चॅड ट्रुहियो आणि डेव्हिड रॅबिनोविट्झ यांनी जाहीर केलेली एरिस ही तर प्लूटोहून जड निघाली, सुमारे सव्वापट. आता एक तर दोघांना आत घ्यायचे, नाही तर दोघांना बाहेर ठेवायचे. आपल्याला ठरवणे भाग होते, हे मला मान्य आहे.

ग्रह या शब्दाचा अर्थ बदलतो हेही आम्हाला नवे नाही. आमच्या नवग्रहांत सूर्य आहे, चंद्र आहे, ज्यांना देहच नाही असे राहू-केतू आहेत, आणि पायाखालची पृथ्वी नाही. दर वर्षी एखादे मूल नवग्रहस्तोत्र आणि विज्ञानाचे पुस्तक समोरासमोर ठेवून मला कोड्यात पकडते. मी सांगतो की एके काळी स्थिर ताऱ्यांमधून जो सरकतो तो ग्रह होता, पुढे सूर्य मध्यभागी आला तेव्हा सूर्याभोवती फिरतो तो ग्रह झाला. मुलांना हे पटते, कारण त्या बदलामागे शोध आहे. १९९५ नंतरही तसाच मोठा शोध झाला. पण त्याच्यामागून व्याख्या आली नाही.

उलट आली ती त्या शोधाकडे पाठ करून. २००६ मध्ये दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह काही दुर्मीळ राहिलेले नव्हते, सुमारे दोनशे माहीत होते. त्याच वर्षी एचडी ८६०८१ या ताऱ्याभोवती एक ग्रह सापडला. २०१९ मध्ये आपणच नावे ठरवण्याचा अधिकार देशोदेशीच्या लोकांना दिलात, तेव्हा भारताच्या वाट्याला हाच तारा आला. ताऱ्याचे नाव ठरले बिभा, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून, आणि ग्रहाचे संतमस. गुरूपेक्षा जड असलेला हा संतमस दोन दिवसांहून थोड्याच जास्त वेळात बिभाला फेरी घालतो. आमच्या मुलांना ही नावे पाठ आहेत. ५१ पेगासीच्या ग्रहालाही २०१५ मध्ये आपण नाव दिलेत, डिमिडियम. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ अर्धा, गुरूच्या अर्ध्या वस्तुमानावरून. ज्या अर्ध्या गुणावरून हे पत्र सुरू झाले, तोच अर्धा.

नाव आपण दिलेत. कॅटलॉगमध्ये नोंद आहे. नासाच्या यादीत सप्टेंबर २०२५ मध्ये अशा खातरजमा झालेल्या ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली. आणि आमच्या पुस्तकातल्या व्याख्येने त्यांतला एकही ग्रह नाही. (वर्गात ‘बाह्यग्रह’ म्हटले की मुलांना गुरू-शनी आठवतात, म्हणून मी त्यांना परग्रह म्हणतो. परग्रहवासी हा शब्द मुलांना आधीच येतो.)

आपण म्हणाल, परग्रहांसाठी आमची वेगळी कामचलाऊ व्याख्या आहे. आहे, मी वाचली आहे. २००१ मध्ये आपल्या कार्यगटाने ती केली, २००३ मध्ये सुधारली, २०१८ मध्ये पुन्हा सुधारली. वस्तुमान गुरूच्या सुमारे १३ पटींपेक्षा कमी, म्हणजे पोटात ड्युटेरियम (जड हायड्रोजन) जळू लागण्याच्या आतले. फिरायचे ते एखाद्या ताऱ्याभोवती, तपकिरी बटूभोवती (म्हणजे तारा होता होता राहिलेल्या गोलाभोवती) किंवा मेलेल्या ताऱ्याच्या अवशेषाभोवती. मधल्या वस्तूच्या सुमारे एक पंचविसांशाहून हलके असले पाहिजे. ही वरची मर्यादा नेमकी आहे, तिच्यामागे भौतिकशास्त्र आहे, मला ती आवडते. पण खालची मर्यादा? तिथे म्हटले आहे की सूर्यमालेत जी लागू आहे तीच. म्हणजे बोट पुन्हा प्रागकडे. आणि प्रागची अट अशी की परिसर मोकळा केलेला हवा. शेकडो प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्यासमोरून एखादा ग्रह जाताना प्रकाश किंचित मंदावतो, तेवढ्यावर आपण त्याला ओळखतो. त्याच्या कक्षेत आणखी कायकाय पडले आहे हे कोण बघून आले आहे? तो गोल आहे की नाही हे तरी?

परिसर मोकळा करण्याच्या या अटीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण वर्गात सर्वात जास्त प्रश्न हिच्यावर येतात आणि मुलांचे प्रश्न रास्त आहेत. गुरूच्या पुढे आणि मागे साठ-साठ अंशांवर हजारो ट्रोजन लघुग्रह त्याच्याच कक्षेत फिरतात. मग गुरूने परिसर मोकळा केला का? प्लूटो नेपच्यूनची कक्षा आत येऊन ओलांडतो. मग नेपच्यूनने केला का? मी त्यांना सांगतो, झाडून काढणे असा याचा अर्थ घेऊ नका, तिथे कोणाचा शब्द चालतो ते बघा. ट्रोजन तिथे आहेत ते गुरूच्या ओढीने ठरवून दिलेल्या जागी. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात प्लूटोच्या बरोबर दोन होतात, आणि या बांधलेल्या तालामुळेच दोघे कधी एकमेकांजवळ येत नाहीत. ताल नेपच्यूनचा, प्लूटो त्यावर चालणारा. असे सांगितले की कळते. पण हा अर्थ मला लावावा लागतो. ठरावात तो नाही.

आकडाही नाही, आणि आकडा तेव्हाच उपलब्ध होता. स्टीव्हन सोटर यांनी २००६ मध्येच हिशेब मांडला होता : पृथ्वीचे वस्तुमान तिच्या कक्षेच्या पट्ट्यातल्या बाकी सर्व वस्तूंच्या एकत्रित वस्तुमानाच्या सुमारे १७ लाख पट आहे. प्लूटोचे त्याच्या पट्ट्यातल्या बाकीच्यांच्या एक दशांशही नाही. याहून स्वच्छ भेद कोणता हवा? आठ ग्रह एका बाजूला आणि बाकीचे सगळे दुसऱ्या बाजूला, मध्ये केवढी तरी मोठी दरी. हा आकडा ठरावात असता तर ‘मोकळा म्हणजे किती मोकळा’ या प्रश्नावर आजपर्यंत जो वाद चालला आहे तो उरलाच नसता. गोलपणाचेही तसेच. बुध पुरता गोल दिसतो, पण त्याचा आकार काटेकोर गणिताने तपासला तर ठरावात म्हटलेल्या जलस्थितिक समतोलात, म्हणजे द्रवाने स्वतःच्या गुरुत्वाखाली घेतला असता तशा आकारात, तो बसत नाही. मुलांना हे सांगावे की नाही, असा मला दर वर्षी प्रश्न पडतो.

आता ‘बटुग्रह’, म्हणजे आपल्या ठरावाने प्लूटोसारख्या गोलांना दिलेले नाव. हा मराठी शब्द सुंदर आहे आणि ज्याने केला त्याचे मला कौतुक वाटते. पण व्याकरणाच्या तासाला मुले समास शिकतात. नीलकमल म्हणजे निळे असे कमळ. बटुग्रह म्हणजे बटू असा ग्रह. विग्रह करून झाला की पुढचा प्रश्न ठरलेला : मग तो ग्रह आहे ना? आपला ठराव म्हणतो, नाही, तो वेगळाच वर्ग. मुंजीतला बटू हा माणूसच असतो. सूर्यसुद्धा आपल्याच वर्गीकरणात बटू तारा आहे, आणि त्याला कोणी ताऱ्यांतून काढलेले नाही. प्रागच्या त्या सभेत जोसलिन बेल बर्नेल यांनी व्यासपीठावर छत्री उघडून दाखवली होती, ग्रह या एका छत्रीखाली मुख्य ग्रह आणि बटुग्रह दोन्ही येऊ शकतात हे समजवायला. त्या दुरुस्तीला ९१ मते पडली आणि ती फेटाळली गेली. मला ते फेटाळणे चूक वाटते. पल्सार, म्हणजे ठरावीक ठेक्याने रेडिओ-ठोके देणारे मेलेले तारे, शोधण्यात बेल बर्नेल यांचा वाटा केवढा मोठा आहे हे आपल्याला सांगायला नको, आणि १९९२ मध्ये अलेक्झांडर वोल्शचान आणि डेल फ्रेल यांना सूर्यमालेबाहेरचे पहिले खात्रीचे ग्रह सापडले ते एका पल्सारभोवतीच. मेलेल्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या त्या ग्रहांना आपली पहिली अटच आत येऊ देत नाही.

दुसरी बाजूही मी ऐकली आहे. १४ जुलै २०१५ ला न्यू होरायझन्स यान प्लूटोपासून सुमारे साडेबारा हजार किलोमीटरवरून गेले आणि त्याने पाठवलेली छायाचित्रे मी वर्गात लावली. नायट्रोजनच्या बर्फाचे विस्तीर्ण मैदान, पाण्याच्या बर्फाचे डोंगर. त्यांतल्या एका रांगेला तेनसिंग यांचे नाव आहे, शेजारच्या एकीला हिलरींचे. हे बघून अ‍ॅलन स्टर्न यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणतात की स्वतःच्या गुरुत्वाने गोल झाले, आत आणि वर भूशास्त्र घडते आहे, एवढे ग्रह म्हणायला पुरे. त्यांच्या हिशेबाने आपला चंद्र आणि शनीचा उपग्रह टायटनसुद्धा ग्रह. मी त्यांच्याशी सहमत नाही. फिरण्याचे केंद्र कोणते, हे मला ग्रहाच्या अर्थातून वगळता येत नाही, आणि उपग्रह हा शब्द आमच्याकडे त्यासाठीच आहे. पण त्यांचा एक मुद्दा मनाला लागतो. ते म्हणतात, वस्तू काय आहे हे तिच्याकडे बघून कळावे, तिच्या शेजाऱ्यांची मोजदाद करून नव्हे. त्यांनाही त्या दुपारी नीट ऐकून घेतले गेले असते तर बरे झाले असते.

त्या दुपारचे आकडे आपल्याकडे आहेतच. महासभेला अडीच हजारांच्या आसपास लोक आले होते, संघाचे सदस्य तेव्हा नऊ हजारांवर होते, आणि शेवटच्या दिवशी सभागृहात मतपत्रिका घेऊन बसलेले होते ४२४. प्लूटोबद्दलचा ठराव २३७ विरुद्ध १५७ असा संमत झाला. आठच दिवस आधी, १६ ऑगस्टला, ओवेन गिंजरिच यांच्या समितीचा मसुदा सेरेस, प्लूटोचा चंद्र शॅरन आणि एरिस यांना घेऊन बारा ग्रहांचा होता. बारावरून आठावर यायला आठ दिवस. जगातल्या प्रत्येक शाळेत जाणारा शब्द अशा घाईने ठरू नये.

आणि ते टाळता येते हे आपणच दाखवले आहे. २०१८ मध्ये विश्वाच्या प्रसरणाचा हबलचा नियम हबल-लमेत्र नियम म्हणावा, या शिफारशीवर आपण सर्व सदस्यांचे इलेक्ट्रॉनिक मतदान घेतलेत. चार हजारांवर सदस्यांनी मत दिले, ७८ टक्के बाजूने. आपापल्या वेधशाळेत, आपापल्या घरी बसून. एका नियमाच्या नावासाठी जे झाले ते ग्रहाच्या व्याख्येसाठी व्हावे, एवढी रास्त मागणी आहे.

मसुदाही कोणी नव्याने शोधायला नको. २०२४ मध्ये जाँ-ल्यूक मार्गो, ब्रेट ग्लॅडमन आणि टोनी यांग यांनी एक प्रस्ताव प्रसिद्ध केला आणि त्याच ऑगस्टात केपटाउनच्या महासभेपुढे मांडला. एक किंवा अनेक तारे, तपकिरी बटू किंवा ताऱ्यांचे अवशेष यांभोवती फिरणारी वस्तू, जिचे वस्तुमान १ वर २३ शून्ये इतक्या किलोग्रॅमपेक्षा जास्त आणि गुरूच्या १३ पटींपेक्षा कमी. संपले. बुध या खालच्या रेषेच्या तिपटीहून वर आहे, प्लूटो तिच्या सुमारे आठव्या हिश्श्याइतका. वस्तुमान हे दूरच्या ताऱ्याच्या डुलण्यावरूनही काढता येते, त्यासाठी तिथे जाऊन परिसर बघावा लागत नाही. हे मी फळ्यावर दोन ओळींत लिहू शकतो, आणि आठवीतले मूल ते ताडून बघू शकते. व्याख्या अशी असावी की तिने दिलेले उत्तर मुलाला स्वतः तपासता आले पाहिजे.

बटुग्रहांना छत्रीखाली घ्यावे की नाही, ताऱ्याविना एकटेच भटकणाऱ्या गोलांचे काय करावे, यावर माझी मते आहेत, पण त्यावर मी अडून बसत नाही. एका गोष्टीवर अडतो. ‘सूर्याभोवती’ हा शब्द काढा आणि तिथे ‘ताऱ्याभोवती’ लिहा. एवढे जरी झाले तरी सहा हजार ग्रहांना घर मिळेल.

आणि हे लांबणीवर टाकू नका. चिलीमधल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५ मध्ये आपली पहिली छायाचित्रे दिली. ती आकाश पुन्हा पुन्हा टिपत राहील आणि नेपच्यूनपलीकडच्या अंधारातून काय काय बाहेर येईल याचा अंदाज आपल्याला माझ्यापेक्षा जास्त आहे. तिथे एखादा खरोखर मोठा ग्रह लपलेला असावा असे २०१६ मध्ये कॉन्स्टंटिन बॅटिगिन आणि माइक ब्राउन यांनी मांडले आहे. तो सापडला, तर ‘परिसर मोकळा’ याचा अर्थ त्या दिवशी घाईने लावत बसावे लागेल, जसे एरिसच्या वेळी झाले.

आपली पुढची महासभा ऑगस्ट २०२७ मध्ये रोमला आहे. ठराव तिथे चर्चेला घ्या, मतदान नंतर सर्व सदस्यांचे घ्या, आणि जो मजकूर ठरेल तो पहिल्या दिवसापासून सदस्य देशांच्या भाषांमध्ये द्या, म्हणजे त्यातली अट वाटेत गळणार नाही. मराठी मजकुरासाठी मदत लागली तर आमच्याकडे करणारे आहेत. पुण्या-मुंबईच्या संशोधन संस्थांत आहेत, आणि गावोगावच्या आकाशदर्शन मंडळांतही आहेत. मीही यथाशक्ती करीन.

आपण रोमला जमाल त्या दिवसांत आमच्याकडे पहिली घटक चाचणी चालू असेल. आठवीच्या पेपरात तो प्रश्न बहुधा येईल, एका गुणाचा. कोणीतरी ‘ताऱ्याभोवती’ लिहील. गेल्या वर्षी ज्या मुलीने लिहिले ती तेव्हा दहावीत असेल आणि तिची बहीण आठवीत. लाल पेन हातात असेल तेव्हा नमुना उत्तरात काय असावे, तेवढे आम्हाला कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक विज्ञान शिक्षक